सगळ्याच विधवा

रविवार, ९ फेब्रुवारी १९९२

— आणि सरांनी पुढचा कागद उचलला. 'माझे पती वारले तेव्हा अंगणात तुरी वाळत होत्या.' त्याच्या पुढचाही तोच! चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं.

"काय हो, इथं सगळ्याच विधवा?"

पहिल्या रांगेतल्या भिवराबाईचं रुपयाएवढं कुंकू त्यांच्या समोर होतं. आधी कुणी हसेना. मग सगळ्याच हसल्या.

पती माझे. तुरीही माझ्या. आमचा हा घरबसल्या शिकायचा वर्ग — धडे टपालाने येतात, भेट रविवारी, परभणीत. 'माझ्या आयुष्यातील एक प्रसंग' कसा लिहायचा हे कुणाला सुचेना. मी माझा लिहिला, कार्बन लावून प्रती काढल्या, एसटीच्या कंडक्टरांच्या हाती गावोगाव धाडल्या. नमुना म्हणून. नमुना म्हणजे उतरवून काढायचा, असं त्या समजल्या. शाळेत तसंच तर असायचं.

सर चिडले नाहीत. म्हणाले, पुढच्या रविवारी जिचं तिने लिहून आणा. नाही आणलं तर परीक्षेला बसता येणार नाही.

ताडकळसची कोंडाबाई आली नव्हती. तिचा कागद तेवढा आला होता.

मंगळवार, ११

ताडकळसहून भिवराबाईचा निरोप. कोंडाबाईचा वर्ग बंद! तिचा कच्चा कागद नवऱ्याने वाचला. "जित्या माणसाला मारलं की हिनं!" म्हणत धोंडीबा गावभर फिरला.

तिला अंगणवाडीत लागायचं आहे. परीक्षेशिवाय घेणार नाहीत.

गुरुवार, १३

ताडकळसला गेले. धोंडीबा मेंढरांपाशी उभा होता.

"या बाई. माझ्या मयतीला आलाव का?"

म्हटलं, "दादा, ते लिहिलेलं माझं आहे. गेले ते माझे."

तो जवळ आला. "कवा?"

"दोन वर्षं झाली."

"कशानं?"

"पोटात दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत —"

पायात आलेलं मेंढरू त्याने बाजूला सारलं. मग घराकडे तोंड करून ओरडला, "अगं, चहा टाक की! बघायलीस काय?"

चुलीपाशी कोंडाबाई हळूच म्हणाली, "ताई, आमच्याकडं लिवण्यासारखं काय हाय? तुमचं दुःख लय चांगलं व्हतं."

हसू आलं. तिच्यासमोरच.

रविवारी पाठवतो, असं काही धोंडीबा बोलला नाही.

शनिवार, १५

निरोप नाही.

रविवार, १६

सकाळच्या गाडीने कोंडाबाई आली. मागून धोंडीबा. सरांनी तिचा कागद मोठ्याने वाचला — 'माझे मालक वारले नाहीत. पण ते वारले असे मी लिहिले, त्या दिवसाचे सांगते.'

सरांनी तिच्या परीक्षेच्या अर्जावर सही केली. धोंडीबा खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होता. वर्ग सुटल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, गड्यांचीबी नावं लिवून घेत्यात का ह्या वर्गात?"