अठ्ठ्याहत्तरवर लावलेले कुंकू

प्रति,
मा. प्राचार्य,
पूर्व उपनगर विज्ञान व कला महाविद्यालय,
मुलुंड, मुंबई ८०.

विषय : कु. शुभा जयवंत तेंडोलकर हिच्या गुणपत्रकावरील डागासंबंधी दि. २७ जून रोजी दिलेला खुलासा असत्य असल्याने तो मागे घेणे व तिला विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळणे.

संदर्भ : आपले पत्र क्र. प्रवेश/विज्ञान/११४, दि. ४ जुलै १९६९.

प्राचार्य महोदयांच्या सेवेशी सविनय, आणि या खेपेस सत्यास धरून,

१. अर्जदार जयवंत भिकाजी तेंडोलकर, वय ४६, राहणार नाहूर, हा भायखळ्याच्या एका छापखान्यात तेवीस वर्षे मुद्रितशोधक आहे. छापण्यापूर्वी दुसऱ्यांच्या मजकुरातील चुका काढणे हा त्याचा व्यवसाय होय. त्याचे वडील मालवणाहून येऊन गिरणीत कापड विणण्याच्या साच्यावर उभे राहिले, आणि साच्याच्या खडखडाटाने बहिरे होऊन निवृत्त झाले. अर्जदाराने मात्र शांततेची नोकरी पत्करली. जुन्या गद्यग्रंथांच्या पुनर्मुद्रणाचे काम छापखान्यात आले की ते त्याच्याकडेच येते, कारण दीड-दीड पानाचे वाक्य शेवटच्या क्रियापदापर्यंत न अडखळता वाचणारा दुसरा कोणी तेथे नाही. हे आत्मप्रौढीसाठी लिहिलेले नसून, पुढील चूक कोणत्या प्रकारच्या माणसाच्या हातून घडली हे आपणांस कळावे म्हणून लिहिले आहे.

२. अर्जदाराची एकुलती एक कन्या शुभा यंदा शालान्त परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली. विज्ञान विषयात तिला शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तर गुण आहेत. बी. एस्सी. होऊन रसायनशास्त्र घ्यावे हे तिने सातवीतच ठरविले होते, आणि ते ठरविताना तिने घरात कोणाची परवानगी मागितली नव्हती. दि. २३ जून रोजी आपल्या फलकावर लागलेल्या पहिल्या यादीत तिचे नाव एकतिसावे होते. म्हणजे गुणांच्या बळावर जागा तिची झालेली होती. उरले होते ते केवळ मूळ गुणपत्रक दाखविणे.

३. छापखान्यात अशी रीत आहे की, नव्या ग्रंथाचा पहिला फर्मा, म्हणजे छापील ताव, यंत्रावरून उतरला की त्यास ओले कुंकू लावावयाचे. ते लावण्याचा मान सर्वांत जुन्या माणसाचा असल्याने गेली आठ वर्षे तो अर्जदाराकडे आहे. कुंकू वाटीत पाण्याने भिजवावे, अंगठ्याच्या टोकाने घ्यावे आणि कागदाच्या वरच्या मोकळ्या समासात टेकवावे, एवढाच तो विधी. या आठ वर्षांत एकदाही कुंकवाचा कण अक्षरावर गेलेला नाही. गुणपत्रक घरी आले त्या दिवशी अर्जदाराने तेच केले. घरात पहिल्यांदाच असा कागद आला होता की ज्यात काढण्याजोगी एकही चूक नव्हती. अंगठ्यास समास ठाऊक होता. परंतु डोळा त्या अठ्ठ्याहत्तरवर खिळलेला होता, आणि अंगठा डोळ्यामागे गेला.

४. प्रवेशाच्या खिडकीवरील लिपिक श्री. नाखवा यांनी दि. २४ रोजी तो कागद उजेडात धरला. “आकडा कुठाय?” त्यांनी विचारले. शुभाने सांगितले की, आकडा कुंकवाखाली आहे. “कुंकवाखाली काय पण असू शकतं. अठ्ठेचाळीस पण असू शकतं,” असे म्हणून त्यांनी कागद परत सरकविला. अर्जदाराने त्यांच्या निदर्शनास आणून दिले की, गुणपत्रकाच्या तळाशी एकूण बेरीज अक्षरांत लिहिलेली आहे. इतर सात विषयांचे गुण तीतून वजा केल्यास उरतात ते अठ्ठ्याहत्तरच, आणि ही वजाबाकी चौथीतील मूल करू शकेल. श्री. नाखवा यांनी वजाबाकी करून पाहिली. ती बरोबर आली. तथापि, “वजाबाकी आमच्या नियमात नाय ना काका,” असे त्यांचे उत्तर होते. परीक्षा मंडळाकडून दुसरी प्रत मागवावी, तर ती सप्टेंबरापूर्वी हाती येणार नव्हती.

५. येथे शुभाने जे केले ते आपल्या प्रवेश समितीच्या टिपणात “कागदाशी अधिकाऱ्यासमक्ष छेडछाड” या शब्दांत नोंदले गेले आहे. वस्तुस्थिती अशी. अर्जदाराच्या घरचे कुंकू गावाहून येते; ते हळदीला चुना देऊन केलेले असते, बाजारातील रंग नव्हे. दुसऱ्या दिवशी शुभा लिंबाचा रस लहानशा बाटलीत आणि कापसाची वात घेऊन आली. तिने श्री. नाखवा यांना सांगितले की, चुन्यामुळे हळद लाल होते, आंबटाने ती पुन्हा पिवळी होईल आणि पिवळ्यातून शाई दिसेल, करू का? श्री. नाखवा म्हणाले, “कर, कर. आपण पण बघू.” तिने वातीचे टोक डागावर टेकविले. लाल रंग कडेकडेने पिवळा होत गेला, आणि त्यातून प्रथम आठ व मग सात हे आकडे वर आले. रांगेतील चार मुले मान वर करून पाहू लागली. एकाने टाळी वाजविली. श्री. नाखवाही हसले, आणि हसून झाल्यावर म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर आहे, मानलं. पण आधी नुसता लाल डाग होता, आता पिवळा पण झाला. दोन डागांचं मी साहेबांना काय सांगू?”

अर्जदार नम्रपणे विचारू इच्छितो की, ज्या संस्थेच्या दाराशी एका मुलीने प्रवेशापूर्वीच रसायनशास्त्राचा प्रयोग यशस्वी करून दाखविला, त्या संस्थेने तो पाहून तिला आत घ्यावयाचे की बाहेर काढावयाचे?

६. श्री. नाखवा हे मनाने वाईट नाहीत. डागाचा लेखी खुलासा द्यावा लागेल असे सांगून, अर्जदारास बाजूला घेऊन त्यांनी सल्ला दिला : “कुंकू तुम्ही लावलंत असं लिहू नका. शिकलेला माणूस असं करतो म्हटल्यावर साहेब भडकतील. बाईमाणसानं लावलं म्हणा, विषय मिटेल.” अर्जदाराने हे घरी सांगितले. त्याची पत्नी सौ. मालन त्या वेळी भाकऱ्या थापीत होती. तिने मागे वळूनही न पाहता म्हटले, “माझां नाव घाला. बायलमाणसाक कोण काय बोलतलो?” दि. २७ चा खुलासा अर्जदाराने लिहिला आणि सौ. मालन हिने त्यावर सही केली. “अजाणतेपणी, धार्मिक भावनेपोटी” हे शब्द अर्जदाराचे आहेत. तेवीस वर्षे ज्याने परक्यांच्या मजकुरात एक खोटी मात्रा राहू दिली नाही, त्याने आपल्या बायकोच्या नावावर तीन परिच्छेद खोटे लिहिले, आणि ते, खेदाने नमूद करावे लागते, उत्तम लिहिले.

७. त्या खुलाशाचे फळ आपल्या दि. ४ जुलैच्या पत्रात आहे. त्यातील वाक्यरचनेविषयी अर्जदार मौन पाळतो. आशय असा की, समितीने मातेचा खुलासा वाचला, “सदर कुटुंबात, विशेषतः मातेच्या ठायी, विज्ञाननिष्ठ दृष्टीचा अभाव दिसून येतो, घरचे वातावरण विज्ञान शाखेच्या अभ्यासास पोषक नाही, सबब विद्यार्थिनीस कला शाखेची शिफारस करण्यात येते.” अर्थात गुणपत्रकावरील डाग धुऊन निघाला, तो आता त्या मुलीच्या आईवर पडला आहे.

याविषयी अर्जदाराचे म्हणणे थोडक्यात असे आहे :

(अ) सौ. मालन ही चौथीपर्यंत शिकलेली असून, हळदीचे कुंकू लिंबाने पिवळे होते ही गोष्ट शुभास प्रथम तिनेच दाखविली. शुभा तेव्हा सहा वर्षांची होती आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. त्या घरात विज्ञान आले असेल तर ते त्या ओट्यावरून आलेले आहे. अर्जदाराच्या पुस्तकांच्या कपाटातून नव्हे.

(आ) आपल्या रसायनशाळेत काचेच्या पेटीतील जो नाजूक तराजू आहे, त्याच्या पेटीवर कुंकवाची पाच बोटे उमटलेली आहेत. अर्जदाराने ती दि. २४ रोजी खिडकीतून स्वतः पाहिली. ती बहुधा गतवर्षीच्या दसऱ्याची असावीत. त्यामुळे तराजूच्या विज्ञाननिष्ठेत उणीव आल्याचे, किंवा त्यास कला शाखेत हलविल्याचे ऐकिवात नाही.

(इ) दि. ५ जुलै रोजी शुभाने शिफारशीनुसार कला शाखेच्या खिडकीवर तेच गुणपत्रक दिले. तोच कागद, तेच दोन डाग, त्याच इमारतीतील शेजारची खिडकी. तेथील लिपिकांनी डागाकडे पाहिलेही नाही. “आर्ट्‌सला सायन्सचे मार्क कोण बघतो? दे इकडे.” पाच मिनिटांत प्रवेश झाला. डाग हा कागदाचा दोष असता तर तो दोन्ही खिडक्यांवर दिसला असता.

८. आता अशी गोष्ट लिहावयाची आहे की जी अर्जात लिहिण्याचा प्रघात नाही. कला शाखेचा प्रवेश झाल्याचे पाहून श्री. नाखवा अर्जदारास म्हणाले, “झकास झालं की काका! तुमचं मराठी एवढं भारी. घरचाच विषय मिळाला पोरीला.” ते सद्भावनेने बोलले, म्हणूनच अर्जदारास ते चार दिवस विसरता आलेले नाही. जुने मराठी गद्य हे अर्जदाराच्या आयुष्यातील एकमेव वैभव होय. नाहूरच्या दीड खोलीत इतर कशासही जागा नसता त्याने त्या ग्रंथांसाठी भिंत राखून ठेविली आहे. शुभाने ते कधीतरी आपण होऊन उघडावे, ही त्याची सोळा वर्षांची इच्छा. परवा तिने त्यांतील एक उघडला. पाठ्यक्रमात नेमलेले पुस्तक म्हणून, आणि पहिल्या पानावर बोट ठेवून तिने विचारले, “बाबा, ह्यात किती वाचायला लागेल?” ज्या गोष्टीवर माणसाने जन्म काढला, तीच त्याच्या मुलीच्या पदरात शिक्षा म्हणून घालण्यात आली आहे. ही शिक्षा कोणी ठरवून दिली असती तरी इतकी नेमकी जमली नसती.

९. सबब अर्जदार पुढीलप्रमाणे लिहून देतो. गुणपत्रकावर कुंकू त्याने स्वतः, संपूर्ण शुद्धीवर असता, आपल्या उजव्या अंगठ्याने लावले. त्यात धार्मिक भावना नव्हती. ती एका छापखान्यातील माणसाची सवय होती, आणि बापाचा गर्व होता. दि. २७ चा खुलासा खोटा आहे आणि तो खोटा लिहिण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदाराची आहे. त्यासाठी जी कारवाई करावयाची ती त्याच्यावर करावी, तो ती विनातक्रार स्वीकारील. सौ. मालन हिच्याविषयीचे वाक्य समितीच्या टिपणातून काढून टाकावे. तिला ते वाचून दाखविले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “माका काय, मी खंय कॉलेजात जातंय? पोरीचां बघा.” परंतु तेव्हापासून ती शुभाच्या वह्यांना हात लावीत नाही. झाडतानाही त्या तिच्याकडूनच उचलवून घेते.

१०. हा अर्ज येथे पुरा झाला होता. आज सकाळी अर्जदार त्याची स्वच्छ प्रत करीत असता शुभा बाहेरून आली आणि तिने मूळ गुणपत्रक त्याच्यासमोर टेबलावर ठेविले. विज्ञान शाखेच्या फेरविचारासाठी अर्जासोबत मूळ गुणपत्रकच जोडावे लागते. ते कला शाखेच्या ताब्यात होते. आणि प्रवेश रद्द केल्यावाचून कला शाखा ते परत देत नाही. अर्जदार गेले दोन दिवस या पेचावर एक स्वतंत्र विनंतीपत्र रचीत होता. शुभाने तेवढा वेळ घेतला नाही. खिडकी उघडताच ती रांगेत पहिली उभी राहिली व प्रवेश रद्द करून कागद घेऊन आली.

“आणि विज्ञानाला नाही मिळालं तर?” अर्जदाराने विचारले.

“तर नाही मिळालं,” ती म्हणाली. “तुमची पुस्तकं मी घरी वाचीन, बाबा. मला वाटेल तेव्हा. पण त्यांनी ढकललं म्हणून नाही वाचणार.” आणि मग, “तुमचा अर्ज किती पानी झाला?”

अर्जदाराने पाने दाखविली. तिने ती मोजली नाहीत. ती म्हणाली की, इतके कोणी वाचणार नाही. शेवटी तरी एक सरळ ओळ लिहा, त्यांना सापडेल अशी.

११. विज्ञान शाखेची प्रवेश-नोंदवही परवा, शुक्रवार दि. ११ रोजी सायंकाळी पाच वाजता बंद होते. या क्षणी शुभाचे नाव आपल्या महाविद्यालयाच्या कोणत्याही वहीत नाही.

कु. शुभा जयवंत तेंडोलकर हिला विज्ञान शाखेत प्रवेश द्यावा.

चुकीचा धनी आणि उत्तरासाठी आपल्या कार्यालयाबाहेरील बाकावर बसलेला,

(सही)
जयवंत भिकाजी तेंडोलकर
नाहूर, बुधवार, दि. ९ जुलै १९६९

सोबत :
१) मूळ गुणपत्रक, डागांसह.
२) एकूण बेरजेतून इतर सात विषयांचे गुण वजा करून दाखविलेला तक्ता, श्री. नाखवा यांच्या हस्ताक्षरात.
३) कला शाखेचा प्रवेश विद्यार्थिनीच्या स्वतःच्या सहीने रद्द झाल्याचा दाखला, दि. ९ जुलै.