पाहुणीने पाण्यात उतरू नये

प्रिय सॉल्वेगआत्या,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला नमस्कार. तू पाठवलेल्या बटाट्याच्या पोळ्या, तुझ्या त्या लेफ्सा, पोचल्या. बहुतेक सगळ्या बाबांनीच फस्त केल्या, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाची तब्येत उत्तम आहे.

परवा ऑरेगनच्या त्या कॉलेजने मला त्यांच्या पोहण्याच्या संघासाठी भेटीला बोलावलं होतं. पोहणाऱ्या मुलीचे असे दोन दिवस भलतेच लाड होतात. कपाटावर आपलं नाव, अंगात त्यांचं जॅकेट, वर फोटो. (फोटो झाला की जॅकेट काढून घेतात, पुढच्या मुलीला लागतं.) संघातल्या टॅम्सिनकडे मला सोपवलं होतं. ती म्हणे, "हस की गं जरा! दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखी काय उभी?"

सगळं मिळतं, पोहायला तेवढं मिळत नाही. प्रशिक्षकांसमोर पाहुणी पोहली तर ती चाचणी ठरते, चाचणीला नियमाने बंदी, आणि मग कॉलेज गोत्यात येतं. पण आत्या, काय ते पाणी! छत काचेचं, त्यामुळे वरही ढग आणि खालीही ढग. तू पहाटे मला होडीतून न्यायचीस तेव्हा आपलं तळं अस्संच दिसायचं. त्यातल्या एका ढगाबरोबर मी काठाकाठाने चालत राहिले आणि काठ संपला.

बुटांसकट पडले. मुख्य प्रशिक्षक डिलेनी सर ओरडले, "पाठ फिरवा रे सगळे! कुणी बघायचं नाही!" सगळे प्रशिक्षक शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे.

"पोरी, बुडत नाहीयेस ना?" सरांनी भिंतीलाच विचारलं.

"नाही सर!"

"मग ये बाहेर. पोहू मात्र नकोस!"

आता न पोहता बाहेर कसं यायचं? मी आपली उताणी झाले आणि ढग बघत, हलके हात मारत पलीकडच्या शिडीशी आले. इतकं सुख मला एकाही शर्यतीत मिळालेलं नाही.

असा सगळा घोळ. गुडघा शेकत जा.

तुझी,
मारित

ता.क. त्यांनी मला संघात जागा दिली आणि मी हो म्हणून बसले. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी आपल्या गावच्या कॉलेजच्या दोन टोप्या आणून ठेवल्यात, एक त्यांना, एक मला. मी बोलायला गेले की रडूच येतं. तू त्यांची थोरली बहीण, तूच सांग ना.

आणखी एक. सर शपथेवर सांगतात की त्यांनी काहीही पाहिलं नाही. पण निघताना हळूच म्हणाले, "डावा हात जरा सरळ टाकत जा." मी एवढीशी होते तेव्हापासून बाबा काठावरून हेच ओरडत आलेत. बाकीचं तुला जमेल तसं सांग, पण हे त्यांना सगळ्यात आधी सांग.