काळ बरोबर आहे

ती. अक्कास, शिरसाष्टांग नमस्कार.

गाडी सुरू झाल्याचे पुतण्याने तुला फोनवर सांगितले, ते बरोबर नाही. इंजिन एकदा खोकले आणि बंद पडले. याला 'सुरू होणे' म्हणत नाहीत.

धाकट्याची ती पिकअप अंगणात वर्षानुवर्षे गंजत उभी होती. तुला स्टेशनावरून तिच्यातूनच घरी आणायचे, असा आता त्याचा हट्ट आहे. मी पाना धरतो, तो खाटेवरून हुकूम सोडतो. परवा एका जाम नटाशी मी झटत होतो, तर म्हणाला, "दादा, व्याकरणानं नट सुटत नाही. रॉकेल ओत." तेव्हा जीभ अजून ठणठणीत आहे, काळजी नसावी. जेवण मात्र बेताचेच. तुझे गुडघे कसे आहेत?

काल तो भिंतीच्या आधाराने गाडीपाशी आला आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "मला ही गाडी फार आवडायची."

मी सवयीने सुधारले, "'आवडते' म्हण. गाडी समोर उभी आहे."

"गाडी आहेच की. मी माझं बोलतोय, दादा. काळ बरोबर आहे."

मी खाली मान घालून नट पुसत राहिलो.

आता पुतण्याने सांगितलेल्या तारखा दुरुस्त करून घे. काम सुरू झाले ते तीन तारखेस नव्हे, पाच तारखेस. इंजिन खोकले ते अकरा तारखेस नव्हे, दहा तारखेस. आणि तू निघायचे ते सव्वीस तारखेस नव्हे. हे पत्र हाती पडेल, त्याच दिवशी.

तुझा आज्ञाधारक,
मधला