रंजीताचे केस

पोंभुर्णा, ८ जून

चि. रंजीता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू बेंगळुरूला परत पोचल्याचं कळलं. इथे तुझ्या बाबांच्या तेरवीची भांडी परत करून झाली. घर मोकळं वाटतं.

एक गोष्ट फोनवर बोलवत नाही. सैन्याच्या प्रशिक्षणासाठी तू केस कापलेस. मला लाज वाटली, म्हणून तेरवीत मी तुझ्या डोक्यावर ओढणी ओढली. ती घसरली, तेव्हा शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या की, पोरीनं बापासाठी केस देल्ले, असं पोरगंही करत नाई. बाया तुझ्या पाया पडल्या आणि मी गप्प राहिले. आता तूही काही बोलू नको.

पोटभर जेवत जा.

तुझी आई

बेंगळुरू, २० जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तू रडत होतीस, म्हणून मी तेव्हा बोलले नाही. पण केस मी बाबा असतानाच कापले, स्वतः न्हाव्याच्या खुर्चीत बसून. त्यांना फोटोही पाठवला होता. ते फोनवर हसले आणि म्हणाले, आता तुह्या आईले कोण सांगल?

इथे पहिला महिना मी रडून काढला. आता रायफल घेऊन धावते, मागे पडलेल्या मुलीला ओढून आणते. हे मी माझ्यासाठी केलं आहे, आई. ते बाबांच्या मरणात घालू नको.

रागावू नको, माया असू दे.

तुझी रंजीता

पोंभुर्णा, २४ जुलै

चि. रंजीता, आशीर्वाद.

लिहायला तोंड नव्हतं.

रुखमाबाईंची लेक दिव्यानी भरतीसाठी सकाळी रस्त्यावर धावायची. धावताना वेणी नको, कापते म्हणाली, तर रुखमाबाई तिच्यावर ओरडल्या की, रंजीतानं बाप गेला म्हणून देल्ले, तुहा बाप जित्ता बसला हाय. तिचं धावणंही त्यांनी बंद केलं. पोरगी माझ्याकडे येऊन बसली. मला तिच्याकडे पाहवेना.

परवा धानाच्या रोवण्याच्या चिखलात मी सगळ्या बायांना खरं सांगितलं. सोमारीबाई हसून म्हणाल्या, मंग आमचं पाया पडणं वापस दे. रुखमाबाई हसल्या नाहीत. आमाले काऊन फसवलं, एवढं विचारून त्या बांधीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. मी वाकलेलीच होते, ते बरं झालं.

प्रशिक्षण संपताना तुमची कसम परेड असते म्हणे. बोलावशील तरच येईन.

आई

बेंगळुरू, २ ऑगस्ट

ती. आईस सा. न.

ये. घरच्या दोघांना येता येतं. बाबांच्या जागी दिव्यानीला आण. रुखमाबाईंना विचारायला मात्र तूच जा. मी फोन करणार नाही.

वाट पाहते.

रंजीता