दोन चौकट म्हणजे पाच बदाम

शनि., ११ जाने. ९७

ब्रिज क्लब दु. ३ ते ६. ऊन इतकं उबदार की पत्ते लावतानाच डोळे जड झाले. समोर माझे भिडू भाऊजी; त्यांनी ‘एक नो ट्रंप’, म्हणजे बिनहुकमी, म्हटलं. माझ्याकडे पाच बदाम, बाकी कचरा. मी ‘दोन चौकट’ म्हटलं. पंधरा वर्षांचा आमचा करार: माझी दोन चौकट म्हणजे चौकट नव्हेच, पाच बदाम. भाऊजींनी बोटाने टेबलावर टकटक करायची, म्हणजे समोरच्यांना कळतं की या बोलीत आतला अर्थ आहे, हवं तर विचारा. मग त्यांनी ‘दोन बदाम’ म्हणायचं, म्हणजे हुकूम बदामाचा.

टकटक नाही. ‘पास’ म्हणाले.

नको तो चौकटीचा हुकूम घेऊन खेळताना माझी जी शोभा झाली! चार हात कमी पडले. भाऊजी हसले, “डोळा लागला वाटतं, वहिनी.” माझाही लागतच होता, मी कोणत्या तोंडाने बोलणार? रिक्षाने घरी, मांजलपूरला. यांनी चहा करून ठेवला होता, चक्क आलं घालून.

बुध., १५ जाने.

उत्तरायण झाली. समोरच्या अर्धवट बांधलेल्या फ्लॅटांवर पतंग लटकलेत, वारा आला की फडफडतात. भाऊजी नदीपलीकडच्या अकोट्याहून स्कूटरवर आले, उंधियुंचा डबा घेऊन. गच्चीत सतरंजी टाकून आमची उजळणी. मी बाईंसारखी विचारत गेले (अडतीस वर्षं गणित शिकवलं, सवय जात नाही), ते सांगत गेले. “नो ट्रंपवर दोन चौकट?” “पाच बदाम.” पापणीसुद्धा लवली नाही. जिवात जीव आला.

मग पतंगांकडे बघत म्हणाले, “नलूचं मात्र साधं होतं. तिची चौकट म्हणजे चौकट. आपल्याला आवडली तर वाढवायची.”

नलू माझी जाऊ. त्यांची बायको, आणि त्यांची पहिली भिडू. ८१ साली गेली. नंतर ते घराबाहेर पडेनात म्हणून मी तिच्या खुर्चीत बसले. तेव्हा मला धड पत्ते पिसता येत नव्हते. चांगली पानं आली की नलूला हसू फुटायचं, आणि ते नियमात बसत नाही म्हणून भाऊजी तिच्यावर चिडायचे. आज तेच सांगून ते खूप हसले. मीही हसले. ऊन उतरलं तरी उठावंसं वाटेना.

शनि., १ फेब्रु.

क्लबची हिवाळी स्पर्धा. आम्ही जिंकलो. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

शेवटचा डाव कोकिलाबेन आणि त्यांच्या यजमानांशी. भाऊजी ‘एक नो ट्रंप’. माझ्याकडे पाच बदाम, तीन चौकट. मी ‘दोन चौकट’ म्हटलं आणि त्यांच्या बोटाकडे बघितलं. बोट तिथेच पडून. मग ते जरा लाजल्यासारखे, खुशीत म्हणाले, ‘तीन चौकट’.

आमच्या करारात या ‘तीन चौकट’चा अर्थ: तुमचे बदाम मला फार आवडले, पुढे चला. म्हणजे मी ‘चार बदाम’ म्हणायला हवं होतं. नियम सरळ आहे. टकटक झाली काय, न झाली काय, मी ठार बहिरी; भिडूला सगळं आठवतंय असं धरूनच मी बोली लावायची. पण मला कळलं होतं. भाऊजी त्या घडीला माझ्यासमोर नव्हतेच, नलूसमोर होते. तिची चौकट त्यांना आवडली होती.

मी ‘पास’ म्हटलं. तीन चौकट बरोबर झाली. चार बदाम बुडली असती. दुसरंही चुकलं: पहिलं पान पडायच्या आत मी सांगायला हवं होतं की आमच्या करारात याचा अर्थ वेगळा, माझे भिडू विसरले. भरल्या खोलीत हे माझ्याच्याने सांगवेना.

डाव संपल्यावर कोकिलाबेन: “भाभी, तमारी पासे तो पांच बदाम हता! चौकट केम बोल्या?”

“मारी भूल थई गई,” मी म्हटलं. सगळे हसले, कोकिलाबेनसुद्धा. कप मिळाला. मार्चमध्ये क्लबतर्फे आम्ही अहमदाबादला. भाऊजींनी कप टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवला.

सोम., ३ फेब्रु.

दुपारी पडले होते. स्वप्न. क्लबचीच खोली, पण भिंती नाहीत, विश्वामित्री नदीवरचं धुकं सरळ टेबलापर्यंत आलेलं. समोर नलू. तिची नारळी काठाची साडी. माझ्या हातात तेरा पानं, सगळी कोरी. ती म्हणते, “बोल ना गं,” आणि मला बोलता येत नाही. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. उलट मजा वाटत होती तिला.

उठले तेव्हा साडेचार वाजले होते आणि दूध उतू गेलं होतं. यांनी गॅस पुसून ठेवला होता.

बुध., ५ फेब्रु.

हे म्हणाले, “मला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण तीन दिवस भाजी अळणी आहे.” मग सगळं सांगितलं. यांना बोली समजली नाही, बाकी समजलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग म्हणाले, “गेल्या गुरुवारी तो वाडीत गेला होता. आपल्या जुन्या घरी. दादा-वहिनी कुठे गेले म्हणून विचारत होता. खालच्या शिंप्याने मला फोन केला.”

वाडीतलं घर सोडून आम्हाला चौदा वर्षं झाली.

“मला का नाही सांगितलंत?”

“जीभ रेटली नाही.”

खूप राग आला यांचा. मग लक्षात आलं की मीही तेच केलंय, आणि वर कप घेऊन आले. रडले. हे म्हणाले, “आधी त्याला सांग. बाकीच्यांना मग.”

रवि., ९ फेब्रु.

काल सर्दीचं निमित्त करून क्लब चुकवला. आज अकोट्याला गेले. भाऊजी ओट्यावर वालाची पापडी सोलत होते. मी अर्धी पापडी माझ्या मांडीवर घेतली आणि सोलता सोलता सांगितलं. तोंड वर केलं नाही.

“मी टकटक केली नाही?”

“नाही.”

“आणि तुम्ही ओळखलंत.”

“हो.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही मला सांभाळून घेतलंत.”

आभार नव्हते त्यात. एवढं दुखावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, नलू गेली तेव्हाही नाही. विसरल्याचं दुःख वेगळं, हे वेगळं. माझी मान खाली.

मी म्हटलं, “आपण नलूचाच करार घेऊ. आपल्या करारांच्या कार्डावर तसं लिहू. चौकट म्हणजे चौकट. मग विसरायचा प्रश्नच नाही.” रात्रंदिवस विचार करून मी हा तोडगा काढला होता, मला फार गोड वाटत होता.

“नको,” ते म्हणाले. “अधूनमधून ती बसते समोर, ते खरं आहे. छान वाटतं मला. पण तिच्याशी ठरलं ते तिच्याशी. तुमच्याशी माझं पाच बदाम ठरलंय.”

डॉक्टरांना दाखवायला तयार झाले. निघताना सोललेले दाणे मला बांधून दिले, स्वतःला चार ठेवून.

मंगळ., ११ फेब्रु.

कोकिलाबेनकडे गेले. भाऊजी येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. माझी चूक, मीच जाणार. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं. भाऊजींचं ऐकून त्यांचे डोळे भरले. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, “हार्यां एनुं कंई नहीं, भाभी. पण तमे ‘मारी भूल’ कहीने मने हसावी. ए मने न गम्युं.”

बरोबर आहे. हरल्याचं काही नाही, पण खोटं सांगून हसवलेलं मलाही नसतं आवडलं.

संध्याकाळी क्लबच्या कमिटीला पत्र. घडलं ते सगळं मी लिहिलं, खाली भाऊजींनीही सही केली. आम्हाला दोघांना खेळू द्यायचं की नाही, अहमदाबादचं काय, ते महिनाअखेर ठरवणार. तोवर शनिवारचा साधा खेळ चालू ठेवा, म्हणाले.

शनि., १५ फेब्रु.

क्लब दु. ३. मला वाटलं भाऊजी येणार नाहीत. माझ्या आधी येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. खोलीत कुजबुज होती. पत्राची बातमी फुटली असणार.

समोर एक नवी जोडी, दोघंही तिशीतले, कुठल्याशा बँकेतले. पत्ते वाटायच्या आधी भाऊजींनी आमचं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आमचे करार यात लिहिलेत. पण मी हल्ली विसरतो. माझ्या बोलीवर फार विसंबू नका.” जोडीतली मुलगी “इट्स ओके, अंकल” म्हणाली.

मग माझ्याकडे वळले. “तुम्ही मात्र मला सगळं आठवतंय असं धरूनच बोली लावायची, वहिनी. दर वेळी. कबूल?”

मी मान हलवली.

तिसऱ्या डावात त्यांनी ‘एक नो ट्रंप’ म्हटलं. माझ्याकडे पाच बदाम होते. मी ‘दोन चौकट’ म्हटलं, आणि त्यांच्या हाताकडे न बघता माझी पानं नीट लावत बसले.