पहिला घास म्हातारीचा

सोमवार
लेकीच्या घरी कायमची राहायला आले. नातीनं ही वही दिली, म्हणाली, आजी, रोज चार ओळी लिही. चौथीपर्यंतची शाळा माझी, तरी लिहिते. घर रानाला लागून, अंगण लख्ख. जावई रानातली अळंबी आणून हॉटेलांना विकतो. जावई दहावा ग्रह म्हणतात, पण यानं माझी ट्रंक स्वतः आत आणली. खोली त्याच्या आईची. ती मागल्या वर्षी पित्तानं गेली म्हणे. नवी अळंबी आली की घरात पहिला घास थोरल्याचा, बाकीचे दुसऱ्या दिवशी खातात. आता तो मान माझा. म्हटलं, चला, म्हातारपणी कुणीतरी विचारतंय!

बुधवार
सगळे रानात गेलो. हा सुरीनं देठ वरच्यावर कापतो, हॉटेलवाल्यांना माती नको. मी म्हटलं, जावईबापू, मुळासकट उकरा. बुडाला वाटी असलेली पांढरी अळंबी म्हणजे यमाची. नुसती टोपी बघून काय कळतं? टोपीत नवरदेवही चांगलाच दिसतो. लेक हसली. त्यानं ठोसा मारून तिचं तोंड फोडलं. एक दात पाटीत पडला. तो वेचून फेकला आणि पुढं कापत राहिला.

गुरुवार
संध्याकाळी ताट माझ्यापुढं. मी नको म्हटलं. त्यानं लेकीचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटायच्या आत मी खाल्लं. मेली चवीला गोड होती.

शुक्रवार, सकाळ
मी ठणठणीत. तो खूश, दुपारी सगळ्यांना वाढणार. मी खुरपं घेऊन रानात गेले, त्याचे बुडखे उकरले. सातातल्या पाचांना वाटी.
लेक म्हणाली, सासूही सकाळी ठणठणीत होती. दुपारी ओकली, तिसऱ्या दिवशी उठून बसली, पाचव्या दिवशी पिवळी पडून गेली. यानं पित्त ठरवलं. त्या दिवशीची बाकी अळंबी विकली होती, म्हणून आम्ही वाचलो.
म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावला.

शुक्रवार, दुपार
दोनदा ओकले. आतड्यात सुरी फिरते — नातीला घेऊन कोठीत कडी लावलीय. बुडखे दाखवले तर त्यानं बुटाखाली चिरडले, माझा डावा हातही —
लेक बाहेर. तिचा आवाज नाही —
ओरडतोय, बघ थेरडे, मी खातो, काय होतं ते. फटीतून पाहिलं. मूठभर खाल्ली. खा बाबा.
आता म्हणतो पोरीलाही खावं लागेल — कुऱ्हाड — एक फळी गेली.
नातीला सांगितलं, दात आवळ, काही झालं तरी तोंड उघडू नको.
हात आत आला. कडी चाचपतोय. माझा एकच हात चालतो, पेन्सिल नाहीतर खुर