एका कानाचा अभ्यास

प्रिय ताई,

रागाने लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. फोनच करणार होतो. पण फोनवर मी आवाज चढवला की तू "बरं, नंतर बोलू" म्हणतेस, आणि नाही चढवला तरी "थांब हं, आले" म्हणून मधेच उठतेस ती गेलीसच. मग मी आपला तुझी रिकामी खुर्ची आणि फिरणारा पंखा बघत बसतो. कागद असा उठून जात नाही. नववी सोडल्यापासून एवढं लांबलचक मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसायचं असेल तर हसून घे, पण शेवटपर्यंत वाच.

काल तुझा निरोप आला. "निवासी बॅचचं राहू दे, घरबसल्याचा क्लास घेतेय, रेकॉर्ड केलेला असतो, आपल्या सोयीने बघता येतो. दादाचंही तेच मत पडलं." आणि पुढे एक हसरं तोंड. ते हसरं तोंड बघून माझं डोकं फिरलं. अगं, मग मला कशाला पाठवलं होतंस? "तू तिथेच आहेस ना, जरा बघून ये, तुला माणसं बरोबर कळतात" हे कोण म्हणालं होतं? आठवड्यातली एकुलती एक सुट्टी घालवली मी. खोलीतल्या पोराचा इस्त्रीचा शर्ट मागून घातला. एवढा नटून मी मुलगी बघायलासुद्धा जाणार नाही.

आणि तुझ्यासारखंच सगळं नीट विचारून आलो. तिथे पोचलो तर लिफ्ट बंद. दिवसभर लिफ्ट बसवणारा माणूस मी, आणि गेलो जिने चढत. वर काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, कितवा अटेम्प्ट?" मी म्हटलं, मॅडम, माझा नववीचाच अजून बाकी आहे, बहिणीसाठी आलोय. ती इतकी हसली की तिने मला सगळं फिरवून दाखवलं, एरवी दारातूनच माहितीपत्रक देऊन घालवतात म्हणे. सकाळी सगळ्यांचे फोन बाहेरच्या कप्प्यात. आत गेलं की पूर्ण पेपर लिहायचा, अगदी परीक्षेसारखा, मधे उठायचं नाही. दुपारून त्याच पेपरावर शिकवणी, आणि संध्याकाळच्या आत उत्तरं तपासून हातात. रोज. तपासणाऱ्या बाई व्हरांड्यात स्टुलावर बसल्या होत्या, हातात लाल पेन. माझ्यासमोर त्यांनी एका दाढीवाल्या बाप्याला उभं केलं आणि म्हणाल्या, "हा आकडा तुम्ही कंपनीच्या मालकाला दाखवणार? दाखवा. पण नंतर तुरुंगात मला भेटायला बोलावू नका." तो बिचारा मान खाली घालून हसत होता. मला वाटलं, हीच जागा. माझ्या ताईला हेच पाहिजे. परत येताना मी रस्त्यातूनच तुला फोन केला, आठवतं? तू म्हणालीस, "अरे वा, छान आहे रे." त्या "छान आहे रे"मध्येच तू नाही म्हणून टाकलं होतंस. मीच बैल, मला कळलं नाही.

मग दादाचा तक्ता आला. परदेशात बसून माणसाला किती तक्ते सुचतात! डावीकडे निवासी बॅच, उजवीकडे घरबसल्याचा क्लास. किती तासांचं शिकवणं, किती सराव पेपर, किती टक्के पोरं पास होतात, शंका विचारायची सोय आहे का, सगळ्याला वेगवेगळे रंग. मलाही पाठवला, "तुझं मत कळव" म्हणून. मी काय मत कळवू? त्याच्या तक्त्यात निवासी बॅच जवळजवळ सगळ्या रकान्यांत पुढे होती, आणि तरी खाली त्याने लिहिलं होतं, "एकंदरीत विचार करता ऑनलाइन बरं." एकंदरीत म्हणजे काय रे बाबा? कुठल्या रकान्यात आहे ते एकंदरीत? वहिनीने खाली होकाराचा अंगठा टाकला, तूही टाकलास, आणि झालं. आपल्या घरात हीच तर पद्धत आहे. जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं मन लावून बोलायचं.

तुझा सीएचा एकच पेपर राहिलाय. तो ग्रुप कंपन्यांचा, ज्यात एका कंपनीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, आणि सगळ्यांचा मिळून एकच हिशेब मांडायचा. तू मला एकदा समजावलं होतंस, मला डब्यात डबा एवढंच कळलं. बाकीचे पेपर तू पहिल्या फटक्यात काढलेस आणि इथे दोनदा आपटलीस. पुढच्या वेळेपासून अभ्यासक्रम बदलतोय. या खेपेला सुटला नाही तर सुटलेले पेपरही धरणार नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं तूच मला सांगितलंस, आणि तूच "सोयीने बघता येतो" म्हणतेस. सोय कसली बघतेस?

आता मला यामागचं खरं कारण कधी कळलं ते सांगतो. आमच्याकडे लिफ्टच्या विहिरीत एक माणूस वर आणि एक खाली असतो. वरच्याने "सोडतोय" म्हटलं की खालच्याने "सोड" असं उलट ओरडायचं, तोवर वरच्याने दोराला हात लावायचा नाही. कालच एक नवा आला, एका कानात इयरफोन खुपसून गाणी ऐकत. मुकादमाने ते उपटून त्याच्या खिशात घातलं आणि म्हणाला, "अर्धा माणूस मला नको. उद्या पूर्ण ये, नाहीतर अर्धाही येऊ नकोस." आम्ही सगळे हसलो. खोलीवर येऊन मी जेवायला बसलो, आणि घास घेता घेता तुझं तोंड डोळ्यांसमोर आलं. व्हिडिओ कॉलवर तुला कधीही बघावं, क्लास ऐकता ऐकता फोन उचललेला असतो आणि एकाच कानात इयरफोन. दुसरा गळ्यात लोंबत. मला वाटायचं तुझा एक बिघडलाय. म्हणून मी ते मोठे पाठवले, दोन्ही कान झाकणारे. ते तू एकदाही घातले नाहीस. मी मनात म्हटलं, हिला आता माझ्या वस्तू हलक्या वाटायला लागल्या. काय काय बोललो मी तुला मनात!

त्या घासापासून मला जेवण गेलं नाही, ताई. तो दुसरा कान कुणासाठी उघडा असतो, ते मला ठाऊक होतं. खरं तर त्या लाल पेनवाल्या बाईंनी ते माझ्याही आधी ओळखलं होतं, आणि मी तुला ते सांगितलंच नाही. निघताना त्यांनी मला थांबवलं. विचारलं, बहीण कुठल्या पेपरात अडकते? मी सांगितलं. म्हणाल्या, बाकीचे एकदम सुटले? मी म्हटलं, हो, हुशार आहे हो ती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "त्या पेपरात हुशारी कमी पडत नाही, बैठक कमी पडते. एक धागा सुटला की अख्खं उत्तर जातं. घरी कोण आजारी आहे?" मी "कोणी नाही" म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. जिना उतरेपर्यंत मला त्या बाईंचाच राग येत होता.

बाबांना झटका आल्यापासून त्यांना हाक मारता येत नाही. ते स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर वाजवतात, आणि तू उठतेस. डब्यातल्या डब्याच्या मधोमध उठतेस, कूस बदलून देतेस, पाणी पाजतेस, परत येऊन बसतेस तेव्हा कुठला डबा कुठे गेला ते तुला आठवत नाही. दोन वेळा तू त्या पेल्यापायी आपटलीस, आणि आम्ही दोघं भाऊ तुला म्हणालो की नीट अभ्यास कर. दादाच्या तक्त्यात सगळं होतं, एक पेला नव्हता. माणूस ठेवून बघितलास ना? त्याच्या अंगावर बाबांनी वाटी भिरकावली आणि तो दुसऱ्या दिवशी आला नाही. हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. तुझ्याकडून मला फक्त "बाबा बरे आहेत" एवढंच कळतं. आणि तुझ्याकडून त्यांना काय कळतं? "तो मजेत आहे." तू आम्हा दोघांमधली टपालपेटी झालीयस.

मी घर का सोडलं ते तुला नव्याने सांगायला नको. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत बाबा तुझ्याकडे आणि दादाकडे बोट दाखवून म्हणाले होते, "ही शिकतेय, तो शिकला, आणि हा एक आहे." हा एक आहे! सगळे हसले, कारण त्यांना वाटलं विनोद आहे. तू नाही हसलीस. मी त्यांना विसरलेलो नाही आणि माफही केलेलं नाही, हे पत्र वाचून तसलं काही मनात आणू नकोस. तू फोन त्यांच्याकडे वळवतेस तेव्हा ते डोळे मिटून घेतात. मीही त्या वेळी मुद्दाम छताकडे बघतो. दोघंही सारखेच नग आहोत. पण आमच्या दोघांच्या भांडणात तुझी परीक्षा का जावी? तुझ्यावर सगळ्यात जास्त चिडलोय ते यासाठी की तू एकदाही म्हणाली नाहीस, "ये." दादाला नाही म्हणालीस, मला नाही म्हणालीस. सगळ्यांची सोय बघितलीस आणि त्याला क्लासची निवड असं नाव दिलंस.

तर आता नीट वाच, हे पत्र यासाठीच लिहिलंय. मी येतोय. बॅच सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी पोचतो, आणि तुझी परीक्षा होईपर्यंत घरी आहे. मुकादमाला सांगून टाकलं. तो म्हणाला, जा, पण तुझी जागा धरून ठेवणार नाही. मी म्हटलं, नको ठेवूस. दादाला अजून कळवलेलं नाही, तू कळव किंवा नको कळवूस, तो त्याचा आणखी एक रकाना वाढवेल. कूस कोणत्या बाजूने बदलायची, औषध जेवणाआधी की नंतर, दाढी करताना तोंड कसं धरायचं, हे मला एका दिवसात शिकव. नाही जमलं तर शेजारच्या काकू आहेतच, मी लाज सोडून विचारेन. तुझं नाव मी त्या बॅचमध्ये घातलेलं नाही. तुझ्या वतीने ठरवणारे घरात पुष्कळ आहेत. मी घरी असणार हे धरून तू आता निवड, आणि तरीही घरबसल्याचाच क्लास घ्यावासा वाटला तर घे, मी एक शब्द बोलणार नाही. पण मग कारण म्हणून बाबांचं नाव सांगायचं नाही. आणि बाबांना मी येतोय ते आधी सांगून ठेव, एकदम दारात बघून त्यांना काही व्हायला नको. ते मानेने नको म्हणतील. वाटी फेकतील. फेकू देत. त्यांना एवढंच सांग की मी उचलून परत भरवीन, आणि ते जेवेपर्यंत तिथून उठणार नाही.

अजूनही रागातच असलेला, पण तुझाच,
भोंगा